साच्याच्या खुणा

विमानाच्या पंखाची मागची कड पातळ असते. निदान असायला हवी. भाग जोडून विमानाची छोटी प्रतिकृती बांधायच्या १/७२ प्रमाणातल्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) एखाद्या अनवट प्लास्टिक किटमध्ये हीच कड एक मिलिमीटर जाड येते. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण त्याला बहात्तरने गुणलं की खऱ्या विमानाच्या पंखाची कड ७२ मिलिमीटर निघते, म्हणजे जवळपास चार बोटं. पोळपाटाला पंख फुटावेत तसं ते दिसतं. रंग कितीही सुबक दिला तरी ही जाडी लपत नाही, कारण डोळा आधी आकार बघतो आणि मग रंग.

ही कड जाड का आली, हे कळलं की ती पातळ कशी करायची तेही कळतं. अनवट किटमधल्या जवळजवळ प्रत्येक दोषाचं असंच असतं. तो दोष साच्याने ठेवलेली खूण असतो.

मोठ्या कंपनीचा साचा कठीण पोलादात कोरलेला असतो. त्यावर एवढा खर्च होतो की हजारोंनी, कधी लाखांनी प्रती खपल्या तरच तो वसूल होतो. म्हणून स्पिटफायर, मस्टँग, टायगर रणगाडा यांची किटं दर काही वर्षांनी नव्याने येत राहतात. दोनच नमुने उडून बंद पडलेलं विमान, एखाद्या छोट्या देशाचं प्रशिक्षण विमान, बेढब उडती नाव असल्या विषयांसाठी पोलाद कोरायला कुणी बसत नाही. तिथे चेक प्रजासत्ताक, युक्रेन, फ्रान्स, पोलंड इथल्या छोट्या कंपन्या पुढे येतात. त्यांचा साचा मऊ धातूचा किंवा इपॉक्सीचा असतो, दाब कमी असतो आणि प्रती मोजक्याच निघतात. या प्रकाराला छंदातली माणसं ‘शॉर्ट रन’ म्हणतात.

कमी दाबाने ढकललेलं प्लास्टिक अरुंद जागेत शिरायच्या आधीच गार होतं, त्यामुळे साचा करणारा कडा जाड ठेवतो. प्लास्टिक आत यायची वाटही रुंद लागते, म्हणून सांगाड्याला, म्हणजे सगळे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिला, भाग जाड देठाने चिकटलेले असतात. साच्याचे दोन तुकडे घट्ट मिटले नाहीत तर फटीतून पापुद्रा बाहेर येतो. साच्यातून काढलेल्या मोदकाच्या कडेला रेघ राहते तसाच. जिथे भिंत जाड, तिथे आतलं प्लास्टिक उशिरा गार होतं, आकसतं आणि पृष्ठभागाला आत ओढतं. तो झाला खळगा. दोन भाग नेमके जुळावेत म्हणून मोठ्या कंपन्या ज्या खुंट्या देतात, त्या इथे बहुधा नसतातच. मऊ साच्यात त्या नेमक्या समोरासमोर आणणं अवघड जातं, आणि चुकीच्या जागी आलेली खुंटी नसलेल्या खुंटीपेक्षा वाईट. हे एकदा ध्यानात आलं की किट उघडल्यावर चिडचिड होत नाही. पेणच्या कारखान्यात साच्यातून निघालेल्या मूर्तीची सांध्याची रेघ घासताना कुणी साच्याला शिव्या देत नाही.

मराठी वाचकाने या भानगडीत पडायला एक सरळ कारण आहे. आपल्या हवाई दलाची विमानं हवी असतील तर ठळक विषयांच्या यादीत फार काही हाती लागत नाही. नॅट या लढाऊ विमानाचंच बघा. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं जुनं नॅट किट सहज मिळतं, आणि ते भारतीय रंगात रंगवून मोकळं व्हायचा मोह होतो. पण ते किट दोन आसनी प्रशिक्षण विमानाचं, म्हणजे टी.१ चं आहे. आपण १९६५ आणि १९७१ मध्ये वापरलं ते एक आसनी एफ.१. टी.१ ची लांबी ९.६८ मीटर, एफ.१ ची ८.७४ मीटर, पंखांचा विस्तार अनुक्रमे ७.३२ आणि ६.७६ मीटर. पंखांच्या क्षेत्रफळातला फरक तर त्याहून मोठा. १/७२ मध्ये लांबीचा फरक १३ मिलिमीटर पडतो, आणि तो मधून तुकडा कापून मिटत नाही, कारण पंखच वेगळा आहे. एक आसनी नॅट आणि त्यावरून हिंदुस्तान एरोनॉटिक्सने घडवलेलं अजीत यांची किटं स्पेशल हॉबी या चेक कंपनीने काढली, तेव्हा कुठे ही कापाकापी थांबली.

दुसरं उदाहरण संग्रह करणाऱ्यांच्या जास्त आवडीचं आहे. फ्रॉग हे ब्रिटिश नाव ‘जमिनीवरून थेट उडतं’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलं, कारण कंपनीची सुरुवात उडणाऱ्या खेळण्यांनी झाली होती. १९३६ मध्ये त्यांनी पेंग्विन नावाने १/७२ ची प्लास्टिक किटं आणली. या प्रमाणात सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो, आणि फूट-इंचांत विचार करणाऱ्यांना हे सोयीचं होतं. ती पेंग्विन किटं आजच्या पॉलिस्टिरीनची नव्हती, सेल्युलोज ॲसिटेटची होती. ॲसिटेट वयानुसार वाकतं. त्यामुळे जुनं पेंग्विन खोक्यासकट मिळालं तर ते कपाटातच शोभतं. त्याचे दोन अर्धे आता एकमेकांना भेटतीलच असं नाही.

पुढे पॉलिस्टिरीनच्या काळात फ्रॉगने दुसऱ्या कुणी हात न लावलेले विषय काढले. व्हल्टी व्हेंजन्स हे त्यांतलं एक. हे अमेरिकन सूर मारणारं बाँबफेकी विमान भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर वापरलं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर फ्रॉग बंद पडलं आणि त्याचे बहुतेक साचे सोव्हिएत संघात गेले. तिथून तीच किटं नोव्हो नावाने आली. जर्मन, जपानी विमानांचे साचे मात्र तिकडे गेले नाहीत. ते रेव्हेल या दुसऱ्या किट कंपनीकडे गेले. नोव्होची मूळ ब्रिटिश कंपनी १९८० मध्ये बुडाल्यावर हे साचे वेगवेगळ्या सोव्हिएत कारखान्यांत फिरले, आणि तीच विमानं वाट्टेल त्या पाकिटात, वाट्टेल त्या रंगाच्या प्लास्टिकात निघत राहिली. म्हणून जुनं किट विकत घेताना खोक्यावरचं चित्र नव्हे, भाग पाहावेत. साचा जितका राबला तितका पापुद्रा जाड होतो. त्याच साच्याची आधीची प्रत नंतरच्या प्रतीपेक्षा नेहमी रेखीव असते, मग नंतरचं खोकं कितीही गुळगुळीत असो.

जुनं किट घरात आलं की आधी रबरी चाकं वेगळ्या पिशवीत घालावीत. मऊ पीव्हीसीच्या टायरमधलं मऊ ठेवणारं रसायन वर्षानुवर्षं झिरपतं आणि ज्याला टेकेल ते पॉलिस्टिरीन वितळवतं. वीस वर्षांनी खोकं उघडावं तर चाकाच्या जागी चिखल. पारदर्शक भागही वेगळे ठेवावेत, नाहीतर सांगाड्यावर घासून ओरखडतात. आणि पत्र्याच्या माळ्यावर किट ठेवू नये. पॉलिस्टिरीन ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, आणि वजनाखाली दबलेला लांब पंख त्याच्या बराच आधी, हळूहळू, वाक धरतो.

बांधणीला बसताना पहिलं काम धुण्याचं. साच्याला लावलेलं तेलकट द्रव्य भागांवर राहतं आणि रंग त्यावर धरत नाही. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, जुना टूथब्रश. मग मोजमाप. खऱ्या विमानाचा आकडा मिलिमीटरमध्ये घ्यावा आणि ७२ ने भागावा. व्हेंजन्सच्या पंखांचा विस्तार १४.६३ मीटर, म्हणजे किटमध्ये २०३ मिलिमीटर यायला हवेत. एखाद-दोन मिलिमीटर कमी-जास्त असतील तर गप्प बसावं. आराखडा छापून त्यावर भाग ठेवून पाहणार असाल तर छापील कागदावर आडवं आणि उभं दोन्ही माप पट्टीने तपासा. प्रिंटर एका दिशेने ताणतो आणि आपण बिचाऱ्या किटला दोष देतो.

शॉर्ट रन किटच्या विमानाच्या धडात आतल्या बाजूने जाड खुंट दिसतात. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांच्या त्या खुणा. काही जण त्यांना जोडणीच्या खुंट्या समजून तसंच ठेवतात आणि धड मिटत का नाही म्हणून कपाळाला हात लावतात. कटरने बुडाशी छाटा, मग गोल कानस. कॉकपिटच्या आजूबाजूची भिंतही आतून खरवडावी लागते, कारण आत बसणारी रेझिनची (साच्यात ओतून घट्ट केलेल्या वेगळ्या प्लास्टिकची) चौकट खऱ्या विमानाच्या रुंदीची असते आणि प्लास्टिकची भिंत मात्र दीड मिलिमीटरची. किती खरवडायचं याची खूण सोपी आहे. भाग दिव्यासमोर धरा; प्लास्टिकमधून उजेड दिसू लागला की थांबा. पंखाची मागची कडही याच उजेडावर पातळ करायची. पंखाचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे असतात. दोन्ही फक्त आतून, आणि फक्त मागच्या तिसऱ्या हिश्शात घासायचे. पुढचा भाग घासला तर पंखाचा फुगवटा जातो आणि पुढच्या कडेला फट पडते. दोन्ही मिळून कड अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली की पुरे. त्याहून पातळ केली तर गोंदाच्या द्रावणाने ती लाटेसारखी वळते.

धडाचे दोन अर्धे एका दमात चिकटवू नयेत. खुंट्या नसल्यामुळे शेपटीकडे जुळवलं तर नाकाकडे सरकतं. आतल्या कडेला टाकाऊ प्लास्टिकच्या पाच बाय आठ मिलिमीटरच्या पट्ट्या, आलटून पालटून दोन्ही बाजूंना, साधारण दोन सेंटिमीटरवर चिकटवा. मग पाठीच्या रेघेपासून सुरुवात करून तीन-तीन सेंटिमीटर जोडत जायचं, प्रत्येक टप्प्याला अर्धा तास. चिमट्याने दाबून जबरदस्तीने मिटवलेला सांधा त्या दिवशी छान दिसतो आणि सहा महिन्यांनी रंगासकट उकलतो.

पंख धडाला नुसताच टेकवून चिकटवायचा असेल तर आत पितळी तार हवीच. ०.८ मिलिमीटरचं भोक, तेवढीच तार, प्रत्येक पंखाला दोन. समोरचं भोक नेमकं कुठे पाडायचं? तारेचं टोक पंखातून अर्धा मिलिमीटर बाहेर ठेवा, त्यावर ओल्या रंगाचा ठिपका द्या आणि पंख धडाला टेकवा. ठिपका उमटेल तिथे भोक. पंखाचा वर जाणारा कोन डोळ्याने ठरवू नये. पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावर विमान रात्रभर बसवावं.

भेगा भरायला बाजारातली पुट्टी आणण्यापेक्षा त्याच किटच्या सांगाड्याचे तुकडे चांगले. पातळ प्लास्टिक सिमेंटच्या (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाच्या) बाटलीत बारीक चिरलेला सांगाडा एक तृतीयांशापर्यंत भरून दिवसभर ठेवला की मधासारखं दाट द्रावण होतं. ते मूळ प्लास्टिकच असल्यामुळे घासताना आजूबाजूच्या भागाइतकंच झिजतं. मात्र ते वाळताना आकसतं, आणि वरून वाळलं तरी आत मऊ असतं. दोन दिवस थांबावं, जाड भेगेला आठवडा. घाई केली तर रंग दिल्यावर महिनाभराने सांध्याच्या जागी पन्हळ पडते. फेविक्विकने भेग मिनिटात भरते, पण ते तासा-दोन तासांतच घासायला हवं. दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिकपेक्षा कडक झालेलं असतं, आणि मग कागद गोंदाला सोडून दोन्ही बाजूंचं प्लास्टिक खातो. त्यात थोडी टाल्कम पावडर मिसळली तर घासायला सुसह्य होतं. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मात्र ब्रश धुण्यापुरताच. पॉलिस्टिरीनवर तो पडला की पृष्ठभाग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो.

रेझिनच्या भागांना प्लास्टिकचं सिमेंट चालत नाही, कारण त्यातलं द्रावण रेझिन विरघळवू शकत नाही. तिथे फेविक्विक किंवा इपॉक्सी. वाकलेला भाग गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ करावा आणि तसाच थंड पाण्यात धरावा. रेझिन कोरडं घासू नये, त्याची भुकटी फुप्फुसात जाते. ओला वॉटर पेपर आणि तोंडावर मास्क.

आता या सगळ्याच्याही पलीकडे जो प्रकार आहे, तो व्हॅक्युफॉर्म. खोक्यात भाग नसतातच. गोळ्यांच्या पाकिटासारखा फुगवटे आलेला पांढरा पत्रा असतो. पॉलिस्टिरीनचा एक मिलिमीटरचा पत्रा तापवून साच्यावर ठेवतात आणि खालून हवा ओढून घेतात. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेअरप्लेन्स आणि कॉन्ट्रेल यांनी अशी किटं काढली, कारण त्यासाठी कारखाना लागत नाही. चाकं, पंखे, चाकांचे पाय बहुधा मिळत नाहीत, मिळाले तरी वापरण्याजोगे नसतात. ते उरलेल्या किटांच्या डब्यातून किंवा पितळी नळीतून करायचे. हे ऐकून लोक हातच लावत नाहीत. खरं तर जो शॉर्ट रन किट नीट बांधतो त्याला व्हॅक्युफॉर्म जमायला एकच नवी गोष्ट शिकावी लागते, आणि ती म्हणजे पत्र्याची जाडी.

फुगवटा आणि सपाट पत्रा जिथे भेटतात त्या कोपऱ्यात काळ्या मार्करची बारीक रेघ सगळीकडून ओढून घ्या. मग कटर पंचेचाळीस अंशात तिरका धरून त्याच कोपऱ्यातून हलके दोन-तीन चरे. आरपार कापायचं नाही. पत्रा मागे-पुढे वाकवला की भाग चऱ्यावर तुटतो. हातात आलेल्या भागाच्या कडेला आता पत्र्याच्या जाडीचा एक काठ जास्तीचा असतो, आणि त्याच्या वर काळी रेघ. तो काठ पूर्ण घासला गेला पाहिजे, रेघेपलीकडे मात्र काहीही जाता कामा नये. काठ राहिला तर धड दोन मिलिमीटर रुंद होतं, प्रत्येक अर्ध्याचा एक. जास्त गेलं तर तेवढंच अरुंद, आणि मग काचेची छत बसत नाही.

घासायला काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवा. भागाच्या पाठीवर चिकटपट्टीची दोन कडी करून लावा, ती धरायची मूठ. इंग्रजी आठच्या आकारात फिरवत वीस फेरे, मग भाग उलट दिशेला वळवून पुन्हा वीस. वळवायचं विसरलं तर बोटाचा जोर एकाच टोकाला पडतो आणि धड पाचरीसारखं होतं. काठ जसा पातळ होतो तसा तो मासोळीच्या पराएवढा झिरझिरीत होऊन आपोआप सुटून पडतो. तिथे काळी रेघ दिसेनाशी होऊ लागते, आणि तिथेच हात थांबवायचा. यात दोन संध्याकाळी जातात. त्या टाळता येत नाहीत.

पत्र्याचं धड बोटांत दाबलं तर अंड्याच्या टरफलासारखं आत जातं, म्हणून एक मिलिमीटरच्या प्लास्टिक पत्र्यातून आडव्या भिंती कापून प्रत्येक तीन-चार सेंटिमीटरवर बसवाव्या लागतात. भिंत थोडी लहान चालेल, मोठी नको. मोठी भिंत बाहेरून बरगडीसारखी उमटते. पंखांसाठी धडातून आरपार दोन मिलिमीटरची पितळी नळी.

नाकाखाली चाक असलेलं विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन घालतात. धड मिटवण्याआधी सगळं चिकटपट्टीने जोडून, मुख्य चाकांच्या जागी पेन्सिल आडवी ठेवून तोल पाहावा. रंग आणि शेपटीकडचे बारीक भाग मागाहून वाढतात, म्हणून हिशोबाला लागेल त्यापेक्षा थोडं जास्तच घालावं. गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या स्वस्त पडतात. त्या पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात मात्र कधीही बसवू नका. त्या गोंदातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते, शिशावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते, आणि दोन-तीन वर्षांनी विमानाचं नाक फाटतं. एम-सीलमध्ये घट्ट बसवावं. शिसं हाताळल्यावर हात धुवावेत, हे सांगायला नको.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत किंवा कोकणात लॅकर फवारायचा असेल तर आधी हवेतली आर्द्रता बघा. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार करतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि चकचकीत काळा रंग राखेसारखा पांढुरका होतो. हा पांढुरकेपणा हलका असेल तर सावकाश सुकणाऱ्या थिनरचा एक फवारा देऊन तो परत उतरवता येतो. नाहीतर दिवाळीपर्यंत थांबावं. डिकलचं, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या खुणांचं, तसंच. दमट कपाटात ती सूचनांच्या कागदाला चिकटतात, म्हणून सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत. पिवळी पडलेली डिकल पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात आठवडाभर चिकटवली की पुष्कळ पांढरी होतात. जुनी असतील तर नको असलेलं एखादं आधी पाण्यात टाकून पाहा. ते तुकड्यांत विखुरलं, तर उरलेल्यांवर पारदर्शक लॅकरचा एक हात मारा; मग मात्र प्रत्येक डिकल कडेने कापून काढावं लागतं, कारण लॅकरने सगळ्या पानाची एकच साय केलेली असते.

सर्वांत शेवटी काचेची छत, तीही बहुधा व्हॅक्युफॉर्मचीच. कापण्याआधी आत प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची मऊ माती) ठासून भरा, नाहीतर पात्याच्या दाबाने चिरते. नवं पातं, पुन्हा हलके चरे. चिकटवायला पांढरा गोंद. फेविक्विकच्या वाफेने आतून धुकं धरतं, आणि आत हात पोचत नाही. खोक्यात नीट पाहा, बऱ्याच कंपन्या एकाच्या जागी दोन छती टाकतात. आपलं गिऱ्हाईक पहिली वाया घालवणार, हे त्यांना ठाऊक असतं.